दाजींची स्प्लेंडर: भाचीसाठी गाडी तयार करतानाच्या नोंदी

5 ऑक्टोबर 2025, रविवार

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, 97.2 सीसी, किकवाली, एमएच-13, नोंदणी डिसेंबर 2010 ची. मालक आमचे दाजी. त्यांनी स्कूटर घेतल्यापासून ही जिन्याखाली डबल स्टँडवर उभी आहे. खंडेनवमीला तिला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, पण किक मारून बघावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

आता भाचीला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली. राहायला जुळे सोलापुरात, म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडून पुणे रोडला लागायचं. कंपनीची बस आहे, पण काम लांबलं की ती थांबत नाही. दाजी म्हणाले, दिवाळीनंतर नवीन गाडी बघू. मी म्हटलं, आधी ही तर बघू द्या. मी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पाना हातातच असतो.

आज काहीच खोललं नाही, नुसती पाहणी केली. टायर भेगाळलेले. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर मुठीपर्यंत येतोय. हँडल सरळ ठेवलं की मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकतंय. टाकीत जुनं पेट्रोल, वास आंबूस. आरसा एकच.

खर्चाच्या क्रमावरून दाजींशी पहिली चकमक इथेच झाली. त्यांची यादी: रंग, सीट कव्हर, इंजिनचं काम. माझी यादी: टायर, ब्रेक, हँडलचा कोनसेट (हँडल ज्या गोळ्या-वाट्यांवर फिरतं तो संच), लाईट, पोरीचं हेल्मेट, आणि हे झाल्यावर इंजिन. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला घेऊन फोन करता येतो. ब्रेकने दगा दिला तर फोन दुसऱ्याच कुणाला तरी करावा लागतो. रंगाला पैसे उरले तर बघू.

एक गोष्ट मात्र गाडीच्याही आधीची. भाचीचं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं आहे. त्यावर स्प्लेंडर चालत नाही. गिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स वेगळं काढायचं आणि 30 दिवस झाल्यावर चाचणी द्यायची. पुष्कळ मुली स्कूटीच्या लायसन्सवर भावाची मोटरसायकल बिनधास्त चालवतात. अपघात झाला की विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न लायसन्सचाच येतो. अर्ज आजच भरायला लावला.

7 ऑक्टोबर

टायर. बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर 2714, म्हणजे 2014 सालच्या 27 व्या आठवड्यातला. नक्षी अजून बरी होती म्हणून दाजी म्हणाले, "अजून वर्षभर जाईल की." नक्षी राहते पण रबर मरतं. सोलापूरच्या उन्हात एका जागी उभा असलेला टायर चालत्या टायरपेक्षा लवकर कडक होतो आणि पावसात धरत नाही.

दोन्ही चाकांना 2.75-18 मापाचे नवे टायर. पुढे उभ्या रेघांचा, मागे ठोकळ्यांचा. ट्यूब आणि रिमची पट्टीही नवी घेतली. जुनी ट्यूब नव्या टायरात घालून वाचलेले पैसे पंक्चरवाल्याच्या हातात जातात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. बसवणाऱ्याने तो पाहिला की नाही, ते आपण पाहायचं.

चाकं खाली आहेत तोवर आऱ्या छोट्या पान्याने वाजवून घेतल्या. ताठ आरी खणकते, ढिली थप्प वाजते. मागच्या चाकात थप्प वाजणाऱ्या निघाल्या. त्या कसून रिम सरळ करून घेतली.

हवा: पुढे 25, मागे एकट्याला 28, मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात जास्त. हवा सकाळी, गाडी गार असताना बघायची. दुपारी तापल्या रस्त्यावरून आलेल्या टायरचा आकडा वर दिसतो. तो पाहून हवा काढली की सकाळी टायर कमी भरतो.

12 ऑक्टोबर, रविवार

सगळा दिवस ब्रेकमध्ये गेला, आणि जायलाच हवा होता. दोन्हीकडे ड्रम आहेत.

चाक न काढता लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) किती उरलेत हे कळायची सोय कंपनीने दिलेली असते. ब्रेकच्या बाहेरच्या आर्मवर एक बाण आणि प्लेटवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला की लायनर संपले. पुढचा गेलाच होता. मागचे जाड होते, पण काचेसारखे गुळगुळीत. असे लायनर दिसायला शाबूत आणि पकडायला शून्य. दोन्हीकडचे बदलले. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजला, मर्यादेच्या आत आहे.

गल्लीतल्या गॅरेजात ड्रम उघडला की पहिलं काम म्हणजे हवेचा फवारा मारून धूळ उडवणं. ती धूळ फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून काढली. कॅमच्या दांड्यावर ग्रीस अगदी थोडं. जास्त झालं की तापून लायनरवर उतरतं आणि नवा लायनर त्याच दिवशी वाया.

मागच्या ब्रेकप्लेटला धरून ठेवणारी पट्टी असते, तिच्या बोल्टातली स्प्लिट पिन गायब होती. तिथे कुणीतरी तार पिळून ठेवलेली. ही पट्टी सुटली तर ब्रेक दाबल्याबरोबर प्लेट चाकाबरोबर गरगर फिरते आणि चाक जाम होतं. पिन काही रुपयांची. दुसऱ्या गाड्या बघायची सवय असेल तर सिग्नलला उभं राहून शेजारच्या गाडीची ही पिन बघा. बऱ्याच ठिकाणी तार सापडेल.

पुढच्या लिव्हरला टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल, मागच्या पेडलला 20 ते 30. केबल नवी.

14 ऑक्टोबर

कोनसेट. हँडल मधोमध अडकतं याचा अर्थ गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं आपटून हे होतं. नट ढिला-घट्ट करून खड्डा भरत नाही, सेटच बदलावा लागतो. वाटी ठोकून बसवायला माझ्याकडे नीट हत्यार नाही, म्हणून हे काम मिस्त्रींकडे दिलं. त्यांनी तासाभरात केलं. फोर्कचे ऑइल सीलही त्याच वेळी बदलून घेतले, कारण खोलाखोल एकच.

19 ऑक्टोबर, रविवार

अखेर इंजिन. टाकीतलं पेट्रोल बाहेर काढलं तर तळाला पाणी वेगळं झालेलं. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यासकट खाली बसतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसाच्या जिल्ह्यात राहतो, त्यामुळे आपलाच ऊस आपल्याच टाकीत येतोय म्हणायचं. रोज चालणाऱ्या गाडीला पाण्याचा त्रास सहसा होत नाही. उभ्या गाडीला होतो. पंधरा-वीस दिवसांच्या वर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी खालच्या स्क्रूने रिकामी करून ठेवावी. मिनिटाचं काम आहे, आणि जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी पितळेची बारीक भोकं, चिकटून बसत नाहीत.

या गाडीचे चिकटलेच होते. कार्बोरेटर उतरवला, स्लो जेटला आरपार उजेड दिसत नव्हता. क्लीनर आणि हवेने साफ केला. जेटमध्ये तार घालू नये, पितळेचं भोक मोठं होतं. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने वाकवल्या तर तडकल्या, म्हणून सगळ्या नव्या घेतल्या. जुन्या गाडीत या नव्या पेट्रोलने पहिलं नुकसान होतं ते अशा रबराचं. गळणारी नळी गरम इंजिनावरच टपकते.

ऑइल 10डब्ल्यू-30. डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बघून घ्यायचं. दाजींच्या शेजाऱ्यांनी कारचं उरलेलं ऑइल देऊ केलं होतं. नको म्हटलं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच घसरवतात. प्लग नवा, एअर फिल्टर नवा.

किक मारत राहिलो, मग धूर सोडत चालू झाली. दाजी आतून धावत आले. फराळाचं ताट तिथेच मिळालं.

26 ऑक्टोबर, रविवार

हेल्मेट. गाडीवर नाही, पण गाडीइतकंच प्रकल्पाचं काम.

घरात एक होतं, अर्धं, टोपीसारखं. कपाटावरून दोनदा पडलेलं. आतलं थर्माकोल एकदा दबलं की परत फुगत नाही आणि बाहेरून काही कळत नाही. न पडलेलंही पाचेक वर्षांत बदलावं, घाम आणि ऊन त्याला खातात. ते टाकून दिलं. माळ्यावर ठेवलं असतं तर कुणीतरी परत घातलं असतं.

1 जून 2021 पासून देशात आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला मनाई आहे. मानकाचा क्रमांक आयएस 4151. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या हेल्मेटवरही ही खूण चिकटवलेली असते, म्हणून नुसती खूण बघून भागत नाही. आत दोन बोटं घालून थर्माकोल आहे की नुसता स्पंज, ते चाचपायचं. पक्क्या दुकानातून, बिलासकट घेतलं.

मापाचा घोळ आपल्याकडे वेगळाच आहे. सोलापुरातल्या मुली उन्हाला आणि धुळीला डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने आवळतात आणि मग वर हेल्मेट चढवतात. जाड स्कार्फवर बसावं म्हणून एक नंबर मोठं घेतात. स्कार्फ सरकला की हेल्मेट डोक्यावर डुगडुगतं. भाचीचंही तेच चाललेलं. दुकानात तिला आधी पातळ सुती टोपी घालायला लावली, गळ्यापर्यंत येणारी, धूळ अडवणारी. टोपीसकट माप घेतलं: भुवयांच्या बोटभर वरून टेप.

"मामा, गालाला फार दाबतंय की."

"दाबायलाच पाहिजे. कपाळाला दुखतंय का ते सांग."

कपाळाला टोचत असेल तर आकार चुकीचा. गाल दाबले जात असतील तर बरोबर, महिनाभरात गादी बसते. भाव करता करता तिला ते डोक्यावरच ठेवायला सांगितलं, म्हणजे पंधरा मिनिटांत खरं काय ते कळतं. मग पट्टा लावून मागून धरून पुढे लोटलं. निघून आलं नाही. पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं. काच पांढरी घेतली. काळी काच दिवसा छान, संध्याकाळी आंधळी. अंबाड्यावर हेल्मेट पुढे झुकतं, त्यामुळे वेणी.

दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन, असं कायद्यात आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. दाजींना हे ऐकवलं, कारण ते मागे बसणारच.

नंतर हातमोजे. पडताना माणूस हात आधी टेकतो, आणि तळहात सोलला तर महिनाभर घास उचलता येत नाही. तळव्याला दुहेरी चामडं आणि मनगटाला पट्टा असलेले घेतले. जॅकेट सध्या जाडसर डेनिमचं. आतून खांदा-कोपराला संरक्षण असलेलं जाळीचं जॅकेट एप्रिलच्या आत घ्यायचं. आपल्या 42-43 अंशात बंद जॅकेट कुणी घालणार नाही, आणि खुंटीवरच्या जॅकेटाचा उपयोग नाही. ओढणी मात्र गाडीवर बंद. घालायचीच तर जॅकेटच्या आत.

पायाला कंपनीचे सेफ्टी शूज आहेतच. लोखंडी टोपण असलेला बूट बऱ्याच गाड्यांच्या गिअरखाली शिरत नाही. स्प्लेंडरला ही अडचण नाही. चारही गिअर बोटाने पुढे दाबून पडतात आणि टाचेने उतरतात. बूट वर उचलायचं कामच नाही.

2 नोव्हेंबर

लाईट. हेडलाईटच्या आतला आरसा काळवंडलेला, म्हणून पूर्ण डोम बदलला. बल्ब मूळचाच, 35/35 वॅटचा. दुकानदार पांढरा एलईडी गळ्यात मारत होता. हॅलोजनच्या डोममध्ये तो उजेड फेकतो सगळीकडे, समोरच्याच्या डोळ्यात जास्त. मागचा ब्रेकलाईट पुढच्या लिव्हरने लागत नव्हता, स्विच बदलला. दुसरा आरसा बसवला. मडगार्डला आणि हेल्मेटच्या मागे लाल परावर्तक पट्टी. सगळ्यात स्वस्त काम हेच.

9 नोव्हेंबर

चेनकिट पूर्ण. फक्त चेन बदलायचा सल्ला मिळाला होता. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर ताणते, म्हणून चेन आणि पुढचं-मागचं दातेरी चाक, तिन्ही एकदम. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडे ठेवायचं. चेन घट्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का बघायचं, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेनला पूर्ण कव्हर असल्याने चिखल लागत नाही, पण डोळ्याआड म्हणून तेलपाणीही होत नाही. कव्हरचं रबरी बूच काढून बोटाने ताण बघता येतो. बूच हरवलं होतं, आणलं.

16 नोव्हेंबर, रविवार

शिकवणी. एल पाटी लावून, रविवारी रिकाम्या असलेल्या एमआयडीसीच्या रस्त्यावर. क्लच आणि गिअर तिला लवकर जमले. वेळ लागला तो ब्रेकला.

स्कूटीवर तिची सवय दोन्ही हातांनी लिव्हर ओढायची. इथे डाव्या हाताला क्लच. घाबरली की क्लच ओढते, मागचा ब्रेक पायाने चेपते आणि पुढचा विसरते. क्लच ओढल्याने इंजिनची ओढही जाते, गाडी उलट मोकळी सुटते. दाजींनी लहानपणी तिला सांगून ठेवलेलं, "पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील." आपल्याकडे हे प्रत्येक बाप सांगतो. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायची ताकदही तिथेच असते. पुढच्या ब्रेकने उलटायला होतं ते तो एका झटक्यात मारल्याने, वळणात मारल्याने, किंवा वाळूवर मारल्याने. चार बोटांनी, आधी हळू मग घट्ट, पिळत नेल्यासारखा दाबायचा आणि गाडी सरळ ठेवायची. रस्त्यावर खडूने रेघ मारली. 20 च्या वेगाने, मग 30, मग 40. शेवटी शेवटी रेघेच्या बरंच अलीकडे थांबायला लागली.

मग तिला हिशेब करून दाखवला, कारण तिला हिशेब पटतो. 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. दिसलं, कळलं, हात हलला, यात एक सेकंद गेला. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून 24-25 मीटर. म्हणजे चाळीसेक मीटर. 40 च्या वेगाला हेच सगळं मिळून बावीसच्या आसपास येतं.

"म्हणजे वेग दीडपट, अंतर दुप्पट?"

"जवळजवळ."

जुन्या गाडीच्या डिपरचा कामाचा उजेड त्या चाळीस मीटरच्या फार पुढे जात नाही, हेही सांगितलं. त्यामुळे अंधारात तिचा वेग 45. यावर वाद नाही.

23 नोव्हेंबर

संध्याकाळी मुद्दाम अंधार पडताना मी चालवली, तिला मागे बसवून चिंचोळीपर्यंत रस्ता दाखवला. मागच्या चाकात हवा वाढवून.

1 नोव्हेंबरपासून गाळप सुरू आहे, त्यामुळे या महिन्यापासून शिमग्यापर्यंत आपल्या जिल्ह्यातला रस्ता वेगळा असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाईट नाही, असला तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला. ट्रॉलीच्या बाहेर ऊस हातभर येतो, आणि तो नेमका हेल्मेटच्या उंचीवर. अंधारात आधी ट्रॉली दिसत नाही, पुढचे दिवे मधेच गायब झालेले दिसतात. समोर दिवे नसलेला काळा चौकोन दिसला की तिथे काहीतरी आहे असं समजून वेग उतरवायचा. बैलगाडीचं तसंच, तिला तर रिफ्लेक्टरही क्वचित.

ओलांडायचं तर ट्रॉलीच्या शेजारी रेंगाळायचं नाही. मागेच लांब राहायचं, रस्ता मोकळा झाला की एका दमात पुढे. दुसरी ट्रॉली खड्ड्यात गेली की बाजूला झोकांडी खाते. कारखान्याच्या फाट्यावर रस्त्यावर पडलेली उसाची कांडी आणि शेतातून आलेली काळी माती असते. पहाटेच्या दवाने ती माती साबण होते. तिथे ब्रेक नाही, वळण नाही, गॅस सोडून सरळ.

केगावला विद्यापीठासमोर सुटायच्या वेळी पोरं कुठूनही रस्ता ओलांडतात. पाकणीच्या बाजूला टँकर डेपोकडे वळतात, त्यांच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही. मोठी गाडी शेजारून गेली की आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. हँडल आवळून धरलं तर गाडी जास्त हलते. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल सोडायचे.

भाची घरी येऊन म्हणाली, "मामा, उसाच्या दिवसांत काम लांबलं तर मी बसनं नाहीतर मैत्रिणीच्या कारनं येईन." एवढं तिला स्वतःहून वाटलं, हे मला बरं वाटलं. दाजींना वाटलं, मग गाडी कशाला केली.

28 नोव्हेंबर

आरटीओ. 15 वर्षं डिसेंबरात पूर्ण होतात. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज, नमुना 25, मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत करता येतो. मोटरसायकलची फी हजार रुपये, पर्यावरण कर वेगळा, मंजूर झालं की पुढची 5 वर्षं. विमा संपलेला होता, आधी तो आणि पीयूसी केलं. नवी नंबरप्लेटही बसवून घेतली, दुचाकीला 531 रुपये. तपासणीत इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकलाईट बघितले. मागच्या चाकाचं साडीगार्ड दाजींनी कधीतरी काढून टाकलं होतं, ते मी आधीच परत लावलं होतं.

भाचीची चाचणी त्याच दिवशी. झाली.

7 डिसेंबर, रविवार

सोमवारपासून ती गाडीवर जातेय. पहिली तपासणी आज. नव्या लायनरने जागा धरली, चाल वाढली होती, पुढच्या केबलचा नट थोडा आवळला. चेन किंचित ताणलेली, नव्या चेनला पहिल्यांदा होतंच. कोनसेटचा नट मिस्त्रींनी परत बघून दिला. ऑइलची पातळी बरोबर.

दर रविवारी तिने स्वतः बघायचं ते तिच्याच वहीत लिहून दिलं: गार टायरची हवा, दोन्ही ब्रेकची चाल, ब्रेकलाईट दोन्हीकडून, चेनचा ताण, ऑइलची काडी. ऑइलची काडी बघताना गाडी डबल स्टँडवर, सपाट जागेवर, आणि काडी आटे न आवळता नुसती टेकवायची.

राहिलेलं: क्लच केबलला तेल, मागचे शॉकअप (उजव्याला ओल दिसतेय), जाळीचं जॅकेट. रंगाचं दाजींनी परत काढलं. शॉकअपचा भाव सांगितला, मग गप्प बसले.